शेतातील ठेव आणि पितळी गॅसबत्ती

शब्बाथ शाळेतील मुले कधी कधी असा प्रश्न विचारतात की शिक्षकाच्या हातातला खडू हातातच राहतो. गेल्या वर्षी पावसाळा सरल्यानंतरच्या एका रविवारी मी मोठ्या मुलांच्या वर्गात मत्तयाच्या तेराव्या अध्यायातील शेतातील ठेवीचा दाखला शिकवीत होतो. एका मनुष्याला दुसऱ्याच्या शेतात पुरलेली ठेव सापडते. तो ती पुन्हा लपवून ठेवतो, आनंदाने जाऊन आपले होते नव्हते ते विकतो आणि ते शेत विकत घेतो. स्वर्गाच्या राज्यासाठी सर्वस्व देण्याची तयारी हवी, हा बोध मी फळ्यावर लिहीत असता मागच्या बाकावरील एक बारा वर्षांची मुलगी म्हणाली, "सर, पण त्याने शेताच्या मालकाला सांगितले का नाही? ही तर फसवणूक झाली!"

वर्गात हशा पिकला. मी नेहमीचे उत्तर दिले. दाखल्यातून एकच मुद्दा घ्यायचा असतो, बाकीच्या गोष्टी ताणायच्या नसतात, असे सांगून मोकळा झालो. मुलगी खाली बसली. तिचे समाधान झाले नव्हते हे दिसत होते, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नव्हते. कारण तिने प्रश्न विचारला त्या क्षणी माझ्या डोळ्यांपुढे ते शेत आलेच नाही. माझ्या घरातील फडताळावर ठेवलेली एक गॅसबत्ती आली.

मला जुन्या गॅसबत्त्या आणि पंपाचे स्टोव्ह दुरुस्त करण्याचा नाद आहे. लहानपणी घरचा स्टोव्ह बंद पडला की त्याला पिन मारण्याचे काम माझ्याकडे असे. त्यातूनच हे वेड लागले. आज माझ्याकडे अकरा बत्त्या आहेत. सौभाग्यवतीच्या मते त्या बारा आहेत, कारण सुट्या भागांच्या डब्यात आणखी एक निघेल अशी तिची खात्री आहे.

तरुण वाचकांपैकी अनेकांनी ही वस्तू पेटलेली पाहिली नसेल, म्हणून थोडे सांगतो. नाव गॅसबत्ती असले तरी तिच्यात गॅस भरलेला नसतो. खाली पितळी टाकी, तिच्यात सुमारे एक लिटर रॉकेल. बाजूच्या पंपाने टाकीत हवा भरायची. त्या दाबाने रॉकेल बारीक नळीतून वर चढते. ती नळी आधी तापवलेली असावी लागते. त्यासाठी खालच्या वाटीत थोडे स्पिरिट घालून पेटवायचे आणि ते जळून संपत येईपर्यंत धीर धरायचा. तापलेल्या नळीत रॉकेलची वाफ होते, ती निपलच्या सुईएवढ्या छिद्रातून जोराने बाहेर पडते, हवेत मिसळते आणि मेंटलमध्ये जळते. ज्याला धीर नाही त्याच्या बत्तीतून पिवळ्या ज्वाळा आणि काजळी निघते. ज्याला आहे त्याच्या बत्तीतून आधी सूंऽऽ असा आवाज आणि मग पांढरा लख्ख प्रकाश येतो. एकदा नीट पेटली की तीच ज्योत वरची नळी तापवीत राहते आणि बत्ती सात-आठ तास चालते.

खरी करामत मेंटलची. ऑस्ट्रियातील कार्ल आउअर फॉन वेल्सबाख या रसायनशास्त्रज्ञाने १८८५ साली त्याचे पहिले पेटंट घेतले आणि १८९१ साली त्याला योग्य मिश्रण सापडले: ९९ भाग थोरियमचे ऑक्साइड आणि १ भाग सीरियमचे. कापडाची जाळी या धातूंच्या क्षारांत भिजवलेली असते. पहिल्यांदा पेटवताच कापड जळून जाते आणि राखेचा सांगाडा उरतो. उजेड देतो तो हा सांगाडा. बोट लागले तरी तो ढासळतो. स्वीडनमध्ये १८९२ साली लिंडक्विस्ट याने प्रायमस स्टोव्ह काढला होता, त्यात रॉकेलची वाफ करून जाळण्याची युक्ती होती. पुढे बर्लिनच्या एरिख अँड ग्रेट्झ या कारखान्याने १९१० च्या सुमारास मेंटल, पंप आणि वाफ यांचा मेळ घालून जी बत्ती बाजारात आणली तिचे नाव पेट्रोमॅक्स. पेट्रोलियम या शब्दाला कारखान्याच्या मॅक्स ग्रेट्झचे पाळण्यातले नाव जोडलेले आहे. आपल्याकडे पुढे कोणाचीही बत्ती असली तरी तिला पेट्रोमॅक्सच म्हणू लागले. थंड देशांत याच तत्त्वावर खोली गरम करणारे हीटरही निघाले, पण आमच्या बेळगावकडे त्यांचे काय काम?

आता त्या फडताळावरच्या बत्तीविषयी.

गेल्या वर्षी मे महिन्यात खानापूर तालुक्यातील एका खेड्यात प्रार्थनासभेसाठी गेलो होतो. सभा संपल्यावर चहा घेताना कोणीतरी म्हणाले, पलीकडच्या घरातील म्हाताऱ्या मावशींकडे एक जुनी बत्ती पडून आहे. या मावशी आपल्या मंडळीतील नव्हेत. त्यांचे यजमान पूर्वी लग्नसराईत आणि जत्रेत गॅसबत्त्या भाड्याने देत. चार बत्त्या होत्या. गावात वीज आली, मग जनरेटर आला, धंदा बसला, यजमान गेले, तीन बत्त्या एकेक करून भंगारवाल्याने नेल्या. चौथी माळ्यावर होती. मावशींनी ती गोणपाटात गुंडाळलेली खाली आणवली.

काच नव्हती. टोपाला पोचा आला होता. वरचा निकेलचा मुलामा उडून पितळ उघडे पडले होते आणि पंपाचा दांडा नुसताच आत-बाहेर होत होता. मी टाकीवरची धूळ अंगठ्याने पुसली. खाली नाव उमटले, आणि त्याखाली जर्मनीचा शिक्का. छाती धडधडली, ती लपविण्यासाठी मी बत्ती बाजूला ठेवली आणि म्हणालो, "मावशी, हिची तर काच नाही. पंपही गेला."

नीतिसूत्रांच्या विसाव्या अध्यायातील चौदावे वचन वाचकांनी काढून पाहावे. तेथे गिऱ्हाईक वस्तूला नावे ठेवते आणि घरी जाताना आपल्याच सौद्याची फुशारकी मारते. शलमोनाच्या नावाने आलेल्या त्या सूत्रात माझे चित्र इतके हुबेहूब निघेल असे मला वाटले नव्हते. मावशी म्हणाल्या, भंगारवाला पाचशे देत होता. मी सहाशे दिले. त्यांनी तोंडभरून आशीर्वाद दिला. बसमध्ये बत्ती मांडीवर घेऊन येताना मला कसे वाटत होते म्हणाल? उदार! भंगारवाल्यापेक्षा शंभर रुपये जास्त दिले होते ना.

पुढचे तीन आठवडे मजेत गेले. सगळे भाग सुटे करून रॉकेलात भिजत टाकले. पंपाच्या चामडी वायसरला तेल पाजून तो मऊ केला. निपल साफ केला, आतली झडप बदलली, टोपाचा पोचा ठोकून काढला, काच आणि मेंटल नवे घातले. पावसाळ्याच्या तोंडी एका संध्याकाळी वीज गेली आणि मी ती बत्ती पहिल्यांदा पेटवली. शेजारची मुले दारात गोळा झाली. हाच नाद असलेल्या हैदराबादच्या एका स्नेह्याला फोनवर छायाचित्र पाठवले, तर त्याचा लगेच निरोप आला: सहा हजार देतो. मी दिली नाही. पण आकडा मनात राहिला. बोचत नव्हता, सुखावत होता. तो बोचू लागला त्या मुलीच्या प्रश्नानंतर.

विकणाऱ्याने खोट लपवू नये हे कोणालाही पटते. टाकीला चीर गेलेली बत्ती मी कोणाला देईन आणि गप्प बसेन तर उद्या दाबाने ती फुटून त्याचे घर जळेल. जुन्या मेंटलमधील थोरियम किंचित किरणोत्सर्गी असते. म्हणूनच अलीकडे बऱ्याच मेंटलांत त्याऐवजी इट्रियम वापरतात. तरीही जुने मेंटल कोणाला देताना मी आठवणीने सांगतो की याची पूड फुंकू नका, मुलांच्या हाती देऊ नका. दोन जुन्या बत्त्यांचे भाग जुळवून एक केली असेल तर तेही सांगतो. यात मला कधी अडचण वाटली नाही. परंतु घेणाऱ्याचे काय? विकणाऱ्याला आपल्या वस्तूची किंमत ठाऊक नाही आणि मला आहे, तेव्हा बोलणे हे माझे कर्तव्य आहे का? येथे आपली सदसद्विवेकबुद्धी एकदम वकिली करू लागते. फसविले कोठे? मी खोटे बोललो का? काच नव्हती, पंप गेला होता, सारे खरेच होते.

हा प्रश्न फार जुना आहे. रोमन वक्ता सिसेरो याने ख्रिस्तपूर्व ४४ साली आपल्या मुलासाठी कर्तव्यांविषयी जो ग्रंथ लिहिला त्याच्या तिसऱ्या भागात तो जवळजवळ माझ्याच शब्दांत आला आहे. एखादा मनुष्य पितळ समजून सोने विकावयास आला, तर सज्जनाने त्याला सांगावे, की हजार नाण्यांची वस्तू एका नाण्याला घेऊन घरी जावे? दोन स्टोइक पंडितांचा त्या काळी यावर वाद होता. बाबेलचा डायोजेनीस म्हणे, न सांगणे वेगळे आणि लपविणे वेगळे. कायदा जेवढे सांगायला लावतो तेवढे सांगावे. तार्सचा अँटिपेटर म्हणे, दुसऱ्याच्या अज्ञानावर आपला लाभ उभा करणे हेच लपविणे. (तार्स म्हणजे पौलाचे गाव, अर्थात पौलाच्या जन्माआधीची ही गोष्ट.) सिसेरोचा कौल अँटिपेटरकडे आहे. तो स्कायव्होला नावाच्या एका न्यायपंडिताचे उदाहरणही देतो. स्कायव्होला एक जमीन घेत होता. मालकाने किंमत सांगितली तेव्हा तो म्हणाला की माझ्या अंदाजाने हिची किंमत याहून जास्त आहे, आणि त्याने आपण होऊन एक लाख नाणी वाढवून दिली. लोक म्हणाले, मनुष्य भला, पण शहाणा नव्हे. भलेपणा एकीकडे आणि शहाणपणा दुसरीकडे अशी वाटणी सिसेरोला मान्य नाही.

हे झाले मूर्तिपूजक रोमन. आपल्या मंडळीच्या पूर्वजांत ऑगस्टीन आपल्या त्रैक्यावरील ग्रंथात सांगतो की त्याच्या माहितीतील एका मनुष्याकडे कोणी एक हस्तलिखित विकावयास आणले. विकणाऱ्याला त्याची योग्यता माहीत नव्हती म्हणून त्याने थोडकी किंमत मागितली. घेणाऱ्याने त्याला अपेक्षा नसताना पुरती किंमत दिली. त्याच ठिकाणी ऑगस्टीन एका नटाचीही गोष्ट सांगतो. तुम्हां सर्वांच्या मनात काय आहे ते सांगतो, असे या नटाने जाहीर केले आणि भरल्या प्रेक्षागृहात सांगितले की तुम्हां सर्वांना स्वस्त घ्यायचे असते आणि महाग विकायचे असते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण तो नट सर्वांविषयी खरे बोलला नाही, हे दाखविण्यासाठीच हस्तलिखिताची गोष्ट आलेली आहे. तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनस तर याहून कडक. विकणारा सोने हलका धातू समजून विकत आहे आणि घेणाऱ्याला ते कळले आहे, तर तो सौदा अन्यायाचा असून घेणाऱ्याने भरपाई करून दिलीच पाहिजे, असे त्याने लिहून ठेवले आहे. डिप्लोमाच्या अभ्यासक्रमात अक्वायनस आम्ही दोन तासांत उरकला होता. ते पान तेव्हा वाचले असते तर बरे झाले असते. की वाचूनही विसरलो असतो, देव जाणे.

पवित्र शास्त्रात पाहावे तर लेवीय २५:१४ घेणारा आणि देणारा या दोघांनाही एकाच दमात बजावते की एकमेकांचे नुकसान करू नका. अब्राहामाने सारेला पुरण्यासाठी मकपेलाची गुहा घेतली ती कथा उत्पत्तीच्या तेविसाव्या अध्यायात आहे. एफ्रोनाने आधी फुकट देतो म्हटले, मग सहज बोलावे तसा चारशे शेकेल रुप्याचा आकडा टाकला. अब्राहामाने घासाघीस न करता रुपे तोलून दिले. दावीदाला अरवनाचे खळे आणि बैल फुकट मिळत होते. ज्याची आपल्याला झळ लागली नाही ते देवाला कसे वाहू, या विचाराने त्याने पैसे मोजले. या दोघांची उदाहरणे आपण उदारपणाचे धडे म्हणून शिकवितो. मला आता वाटते की तो साधा न्याय होता.

माझी वकिली मात्र संपली नव्हती. तिचे म्हणणेही मांडले पाहिजे, कारण ते अगदीच फोल नाही. पहिले म्हणणे असे: मी नेली नसती तर भंगारवाल्याने नेऊन ती वितळवली असती. खरे आहे. माझ्यामुळे एक चांगली वस्तू वाचली. पण योग्य पैसे दिले असते तरीही ती वाचलीच असती. बत्ती वाचविण्याच्या पुण्याला मावशींचे नुकसान चिकटविण्याची गरज नव्हती. दुसरे म्हणणे असे: कोणती बत्ती कोठली, हे ओळखण्याचे ज्ञान मी वीस वर्षे हात काळे करून मिळविले, त्याचे मोल नको का? हवे. पण ते कोणाकडून घ्यायचे? एखादा पाणाड्या विधवेच्या शेतातून जातो, खाली पाणी आहे हे ओळखतो, काही न बोलता ते शेत कोरडवाहूच्या भावाने घेतो आणि दुसऱ्या दिवशी विहीर खणायला लावतो. त्याच्या ज्ञानाबद्दल गाव त्याला शाबासकी देईल काय? पाणी दाखविण्याची मजुरी त्याने मागावी. ती हक्काची आहे.

जुन्या बाजारातील दुकानदाराशी माझे वागणे निराळे असते, हेही कबूल करतो. तेथे तो त्याच्या धंद्यात मुरलेला, मी माझ्या नादात. गेल्याच वर्षी अशा एकाने मला नळीला बारीक चीर असलेली बत्ती हसत हसत गळ्यात बांधली. तेथे दोघांचेही डोळे उघडे असतात. अँटिपेटर कदाचित म्हणेल की तेथेही बोललेच पाहिजे. तेवढा मी अजून पोहोचलो नाही. पण एका बाजूला गरज आणि अज्ञान, दुसऱ्या बाजूला माहिती आणि भरलेला खिसा, असे असताना बाजारभाव हा शब्द उच्चारायला माझी जीभ आता धजत नाही.

आणि मावशींना नक्की काय माहीत नव्हते, याचाही मी विचार केला. मेंटल कसे बांधायचे, पाऊस आला तर तापलेल्या काचेवर थेंब पडू नये म्हणून काय करायचे, कोणाचा पंप किती सोसतो, हे त्यांना माझ्याहून जास्त माहीत होते. यजमान आजारी असले म्हणजे त्या स्वतः चारही बत्त्या पेटवून देत. वरातीत या बत्त्या मजुरांच्या डोक्यावरून जात. डोक्यावर चुंबळ, तिच्यावर तापलेली बत्ती, उजेड नवरा-नवरीवर आणि बत्ती वाहणाऱ्याच्या पायाशी टाकीची सावली. दिव्याखाली अंधार ही म्हण तेथे रोज चालत होती. अशा बाईला बत्तीचे अज्ञान कसले? तिला अज्ञान होते ते आमच्याविषयी. शहरात माणसे अशी बत्ती न पेटवता दिवाणखान्यात ठेवण्यासाठी हजारो रुपये मोजतात, हे तिच्या ध्यानीमनी नव्हते. आणि असावे तरी का?

मग दाखल्याचे काय? शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना हा प्रश्न कधीतरी येईल म्हणून मला जे उमगले ते सांगतो. प्रभू येशूने ठेव लपविणाऱ्याची वाखाणणी केलेली नाही, जशी लूक १६ मधील कारभाऱ्याच्या लबाडीची किंवा लूक १८ मधील न्यायाधीशाच्या बेपर्वाईची केलेली नाही. तो आपले येणे चोराच्या येण्यासारखे आहे असेही म्हणतो, म्हणून चोरी चांगली ठरत नाही. एवढे उत्तर मीही त्या दिवशी दिले होते. ते बरोबर आहे, पण ते देताना मी घाई केली. त्या मनुष्याची एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती: त्याने आपले सर्व काही विकले. शेताच्या मालकाने जी किंमत मागितली ती देताना त्याच्याजवळ काही उरले नाही. मी मात्र पाकिटातून सहाशे रुपये काढले, आणि परतीच्या बसचे भाडे काढूनही संध्याकाळच्या भाजीला पैसे उरले होते. त्या मनुष्याची आणि माझी तुलना करायचीच तर मी त्याच्याकडून लपविणे तेवढे घेतले, विकणे घेतले नाही. मुलांना दाखला शिकविताना प्रश्न दडपू नका. बारा वर्षांची मुलगी जेव्हा शेताच्या मालकाची काळजी करते तेव्हा तिने शास्त्र उलटे वाचलेले नसते. तिने लेवीय पुस्तक न वाचता वाचलेले असते.

हे सगळे मनात ठरले तरी आकडा ठरेना. किती द्यायचे? सहा हजार ही दुरुस्त केलेल्या, पेटत्या बत्तीची किंमत होती. काच, मेंटल, झडप आणि बाकीच्या भागांना मला अकराशे लागले होते. शिवाय माझी मेहनत. पहिल्या दिवशी मी मेहनतीचे तीन हजार धरले. दुसऱ्या दिवशी ते वाचून लाज वाटली, कारण छंदाच्या तीन आठवड्यांत मला आनंदच मिळाला होता आणि त्या आनंदाची मजुरी मावशींकडून वसूल होत होती. शेवटी एक सरळ प्रश्न केला: त्या दिवशी, काच नसलेल्या आणि पंप गेलेल्या त्याच अवस्थेत, एखाद्या जाणत्या माणसाने दुसऱ्या जाणत्या माणसाला किती दिले असते? हैदराबादच्या स्नेह्यालाही विचारले. साडेतीन हजार निघाले. म्हणजे एकोणतीसशे रुपये मावशींचे माझ्याकडे होते.

नोव्हेंबरात गेलो. भाताची मळणी झाली होती, अंगणात भात वाळत होते आणि मावशी कोंबड्या हाकलीत बसल्या होत्या. मी सलाम केला. त्यांनी मला ओळखले आणि पहिला प्रश्न बत्तीचाच विचारला.

"पेटती व्हय?"

"हो मावशी. लख्ख पेटते."

"आवाज करती?"

"करते."

त्या हसल्या. मग मी पाकीट काढून पुढे ठेवले आणि म्हणालो की त्या बत्तीची किंमत जास्त होती, हे तुमचे राहिलेले पैसे आहेत. मला वाटले होते त्या नको नको म्हणतील, किंवा डोळ्यांना पदर लावतील. तसे काही झाले नाही. त्यांनी पैसे घेतले, दोनदा मोजले, कनवटीला लावले आणि माझ्याकडे पाहून विचारले, "मग तवाच का न्हाई दिलं?"

मी म्हणालो, "तेव्हा लक्षात आले नाही, मावशी."

बसथांब्यापर्यंत गेलो. हातात बायबलची पिशवी, आणि नुकतेच खोटे बोलून आलेलो. बस यायला वेळ होता. परत फिरलो. मावशी तेथेच होत्या. म्हणालो, "मावशी, तेव्हा लक्षात आले होते."

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "तुमी अंगठ्यानं पुसून बघत हुतासा."

त्यांना आकडा माहीत नव्हता, पण माझा चेहरा त्यांनी वाचला होता. तरीही दिली, कारण त्या आठवड्यात त्यांना सहाशे रुपयांची गरज होती. कशासाठी ते मी विचारले नाही. विचारण्याचा हक्क त्या दिवशी मला नव्हता. त्यांनी मला चहा दिला आणि बस चुकली.

पुढच्या रविवारी वर्गात मी ही हकीकत सांगितली, अंगठ्यासकट. मागच्या बाकावरच्या मुलीने आणखी एक प्रश्न विचारला: "मग सर, बत्ती परत का नाही दिली?" मी म्हणालो, मावशींना बत्ती नको होती, पैसे हवे होते. "तुम्ही विचारले का?" विचारले नव्हते. आता पत्र टाकले आहे. त्यांच्या पुतण्याच्या मुलाला वाचता येते.

बत्त्यांच्या खरेदीची मी एक वही ठेवली आहे. तारीख, गाव, कोणाकडून, किती रुपयांना. नाताळाच्या सुट्टीत ती उघडून सगळ्या नोंदी पुन्हा वाचल्या. अकरांपैकी सहा जुन्या बाजारातल्या किंवा या नादातल्या स्नेह्यांकडून घेतलेल्या. त्यांच्याविषयी मन स्वच्छ आहे. एक वडिलांची. एक मावशींची. उरलेल्या तीन नोंदींपुढे मी पेन्सिलीने रेघ मारली. त्यांपैकी एक गृहस्थ वारले. त्यांचा मुलगा पुण्याला असतो असे कळले आहे. दुसऱ्या नोंदीत मी फक्त "म्हातारा, नदीकाठचे घर" एवढेच लिहून ठेवले आहे आणि किंमत चारशे. तिसरे घर निपाणीच्या रस्त्यावर आहे, शाळेच्या मागे, आणि तेथे मला येत्या शनिवारी जायचे आहे.